भरदुपारी जळणारा दिवा आणि दिवाबत्ती कर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात भरदुपारी चालू असलेल्या पथदिव्याचा फोटो आला होता. खाली ओळ होती, ‘ग्रामपंचायतीचा भोंगळ कारभार’. फोटो आमच्या गावचा नव्हता, पण आमचा म्हणून छापला असता तरी कुणी हरकत घेतली नसती. सातारा जिल्ह्यातल्या एका मध्यम वस्तीच्या गावात मी ग्रामपंचायतीचा वसुली क्लार्क होतो, आता निवृत्त आहे. घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी या चार रकान्यांच्या पावत्या फाडण्यात नोकरी गेली. भोंगळपणा आहे, मी नाही म्हणत नाही. पण तो नेमका कुठं आहे ते सांगावं म्हणून हे पत्र.

तो फोटो मी चष्मा लावून नीट पाहिला. त्या खांबावर चारच तारा आहेत. गावठाणातल्या जुन्या खांबावर पाच असतात. तीन फेजच्या तीन, एक न्यूट्रल आणि पाचवी खास रस्त्यावरच्या दिव्यांची. डीपीजवळच्या (म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरजवळच्या) पेटीतून ती पाचवी तार संध्याकाळी चालू करायची, उजाडलं की बंद करायची. पण गाव वाढलं, माळावर नवी घरं झाली, तिथं लाइन ओढताना पाचवी तार ओढलीच गेली नाही. मग दिवा थेट घरगुती फेजवर जोडतात. त्याला बटणच नाही, तर बंद कोण करणार? तो चोवीस तास जळतो. फोटोतल्या दिव्याची गत हीच असणार. त्यात सरपंचाचा दोष एवढाच, की आणखी एक तार ओढा असा लेखी आग्रह त्यानं कधी धरला नाही.

गावठाणातलीही गोष्ट फार वेगळी नाही. पूर्वी आमचा पाणी सोडणारा माणूस टाकीवर जाता-येता दिव्यांचं बटण दाबायचा. मग टायमर आले. डिसेंबरात आमच्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सव्वासातपर्यंत उजेड असतो. टायमरची वेळ त्याप्रमाणे बदलायला हवी, पण ते काम कुणाच्या नावावर लिहिलेलंच नाही. शिवाय साध्या टायमरचं घड्याळ वीज गेली की थांबतं. चार-सहा तास वीज गेली की दिवे भलत्याच वेळी लागायला लागतात. लोक बोंब मारतात, आणि कुणीतरी टायमर बाजूला करून सगळं डायरेक्ट जोडून देतो.

आमच्या देवळामागची पेटी कुणी येऊन पाहावी. दार कधीच गेलंय. फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार पिळून घातली आहे, स्विचची मूठ मोडली म्हणून ती सुतळीनं ओढून खिळ्याला बांधली आहे, आणि पाऊस आत जाऊ नये म्हणून वरून वाढदिवसाच्या फ्लेक्सचा तुकडा टाकला आहे. त्यावरचं ‘भावी सभापती’ अजून स्पष्ट वाचता येतं. शेजारीच पोरं क्रिकेट खेळतात.

ही पेटी कुणाची, असं विचारून बघा. खांब वीज कंपनीचा, तार कंपनीची, दिवा ग्रामपंचायतीचा. पेटीचं नाव काढलं की दोघंही हात वर करतात. दिवा गेला की पंचायतीनं बदलायचा, पण खांबावर चढायचं तर लाइन बंद करायला लाइनमन हवा. एका लाइनमनकडे चार गावं, तो बिचारा पावसाळ्यात कुठं कुठं पुरणार? मग गावातला खासगी वायरमन दोनशे रुपये घेऊन चालू लाइनवर चढतो. हातमोजे नाहीत, कमरेला पट्टा नाही. उद्या काही झालं तर ‘तो आमचा माणूस नव्हता’ असं लिहून द्यायला दोन्ही कार्यालयं तयार असतील.

आता पैशाचं. चाळीस एलईडी दिवे, प्रत्येकी २४ वॅटचे धरा. दिवसाचे बारा तास ते फुकट जळले तर रोज साडेअकरा युनिट वाया, महिन्याला ३४५. लहानशा गावाचा हा हिशेब आहे. पण गावाला ही झळ इतकी वर्षं लागलीच नाही, कारण पथदिव्यांची बिलं शासनाच्या अनुदानातून परस्पर भागवली जायची. मी क्लार्क असूनही त्या बिलाचा कागद माझ्या टेबलावर कधी आला नाही. जे बिल दिसतच नाही, त्यापायी दिवा बंद करायला कोण उठतंय?

ते दिसलं २०२१ च्या उन्हाळ्यात-पावसाळ्यात. थकबाकीपोटी राज्यभर गावागावांच्या पथदिव्यांच्या जोडण्या तुटल्या, सरपंच रस्त्यावर उतरले, आणि शेवटी १५ व्या वित्त आयोगाच्या निधीतून बिलं भरा असं शासनाचं पत्र आलं. थकबाकी असेल तर लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांनी जोडणी तोडायचा अधिकार वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नं कंपनीला दिला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार आमच्याच दप्तराबद्दल आहे. सप्टेंबरच्या आत कर भरून पाच टक्के सूट घेणारी माणसं आमच्या गावात होती. त्यांच्याही दारात तेव्हा अंधार झाला. दिवाबत्ती कर भरला, तरी दिवा गेला!

कारण त्या कराचा आणि दिव्याचा काही संबंधच उरलेला नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात गावची दिवाबत्ती हे पंचायतीचं काम म्हणून लिहिलं आहे, त्यासाठी कर घेतला जातो, पण वसूल झालेली रक्कम बाकी सगळ्याबरोबर ग्रामनिधीत जाते. तिथून ती शिपायाच्या पगाराला गेली, की गटारीच्या औषधाला, की झेंडावंदनाच्या खाऊला, हे कुणी वेगळं काढत नाही. कुणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही. मात्र ‘दिवाबत्ती’ म्हणून किती आले आणि दिवाबत्तीवर किती गेले, हे दोन आकडे एका कागदावर शेजारी-शेजारी लिहिलेले मी माझ्या नोकरीत पाहिले नाहीत.

मळ्यातल्या वस्तीवर वसुलीला गेलं की एक म्हातारी दरवर्षी तेच विचारायची, “दिवा न्हाई तर दिवाबत्ती कशाची रं बाबा?” आमच्याकडे नमुना ८ ला, म्हणजे घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, घराची नोंद झाली की दिवाबत्ती कर आपोआप लागायचा, खांब दारात असो की अर्ध्या मैलावर. मी तिला नमुना ९ ची, म्हणजे कर मागणीच्या वहीतली, मागणी दाखवायचो, ती पदराच्या गाठीतून नोटा काढायची आणि मी पावती फाडायचो. उसाच्या हंगामात त्याच रस्त्यानं रात्रीअपरात्री बैलगाड्या कारखान्याला जातात, पावसाळ्यात घोणस निघते. दिवा मात्र आधी सदस्याच्या दारात, मग पाहुण्यारावळ्यांच्या दारात. चौकात आमदार फंडातला हायमास्ट (उंच खांबावरचा मोठ्या दिव्यांचा घोस) आहेच, त्याच्या सहापैकी दोन फिटिंग चालू आहेत आणि नावाची पाटी सगळ्यात ठळक आहे.

मला काही मोठी योजना नको आहे. प्रत्येक खांबाला ऑइलपेंटनं नंबर घाला, म्हणजे ‘पाटलाच्या वाड्यापुढचा’ ऐवजी ‘खांब १७’ अशी तक्रार लिहिता येईल. पेटी कुणाची, टायमर कुणाचा, चढायचं कुणी, हे कंपनी आणि पंचायत यांनी एका कागदावर सह्या करून ठरवावं. पथदिव्यांचं दरमहाचं बिल पंचायतीच्या फलकावर लावावं आणि त्याखाली त्या महिन्याची दिवाबत्ती कराची वसुली लिहावी. आणि जिथं पाचवी तार नाही, तिथं ती ओढून मिळेपर्यंत त्या-त्या दिव्याला उजेड पाहून तो आपोआप लावणारा-विझवणारा स्वतःचा सेन्सर बसवावा. हे सेन्सर बाजारात मिळतात, महाग नसतात.

हे सगळं मी अर्जात लिहून ग्रामसेवकांकडे (हल्ली ग्रामपंचायत अधिकारी) दिलं आहे आणि पोच घेतली आहे. विषय २६ जानेवारीच्या ग्रामसभेपुढे घ्यावा असं त्यात म्हटलं आहे. आपल्या वार्ताहरांना एक विनंती : पुढच्या वेळी दुपारच्या दिव्याचा फोटो काढाल, तेव्हा त्या खांबावरच्या तारा मोजा आणि ओळीत तेवढा आकडा छापा.

आपला वाचक,
एक निवृत्त ग्रामपंचायत कर्मचारी
जि. सातारा
(नाव-पत्ता कळवला आहे, छापू नये ही विनंती.)