वय बाटलीवरून नको, परवान्यावर तपासा

महोदय,

दारू पिण्याचे कायदेशीर वय किती असावे, या वादात १८, २१ आणि २५ हे आकडे मांडले जातात. महाराष्ट्रात मात्र त्यांतले दोन एकाच वेळी लागू आहेत : सौम्य बिअरला २१, व्हिस्की-रमसारख्या कडक मद्याला २५. ही विभागणीच चुकीच्या मापावर उभी आहे. ५ टक्के अल्कोहोल असलेल्या बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ३२.५ मिली शुद्ध अल्कोहोल असते, ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलीच्या पेगमध्ये २५.७ मिली. बावीस वर्षांच्या मुलाने दोन बाटल्या रिचवल्या तर ६५ मिली अल्कोहोल पोटात जाऊनही तो नियमात बसतो, एक पेग घेतला की बसत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ यापेक्षा शहाणे आहे. गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले की गुन्हा. ते कशातून आले, हे ते कलम विचारत नाही.

म्हणून सर्व प्रकारच्या मद्याला २१ हे एकच वय असावे. गोव्यात १८ आहे म्हणून आपणही १८ करावे, हे मला मान्य नाही. अठरा पूर्ण झालेली मुले बारावीत किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाला असतात आणि त्यांच्याच कट्ट्यावर सोळा-सतरा वर्षांची मुले बसतात. एकाला दुकानात बाटली मिळाली की ती सगळ्यांना मिळते. एकविसाव्या वर्षी बहुतेकांचे पदवी शिक्षण संपलेले असते, ही साखळी बरीचशी तुटते. अमेरिकेत १९७० च्या दशकात अनेक राज्यांनी वय खाली आणले. तरुणांचे अपघाती मृत्यू वाढल्यावर १९८४ मध्ये केंद्रीय कायदा करून, महामार्ग निधी कापण्याचा धाक घालून, ते २१ वर न्यावे लागले. उलट २५ ची अट नोकरी-संसार करणाऱ्या माणसाला लागू पडते. ती कोणी पाळत नाही, आणि न पाळण्याची सवय लागली की २१ ची अटही तशीच हवेत जाते.

पण खरी गळती परवान्यात आहे. आपल्या दारूबंदी कायद्यानुसार पिणाऱ्याकडे परवाना लागतो : विदेशी मद्यासाठी (कायद्याच्या भाषेत यात इथे बनलेली व्हिस्की-रमही येते) एक दिवसाचा ५ रुपयांत, वर्षाचा १०० रुपयांत, आजीवन १,००० रुपयांत. वार्षिक किंवा आजीवन परवान्याच्या अर्जाला ओळखपत्र व वयाचा पुरावा जोडावा लागतो. एकदिवसीय परवाना मात्र अनेक वाइन शॉप आणि परमिट रूममध्ये ग्राहकाला दिसतही नाही. कोऱ्या परवान्यांचे पुस्तक आगाऊ घेतलेले असते, नावे मागाहून मनाने भरली जातात. जिथे वय तपासायचे, तोच कागद असा वाया जातो.

हा परवाना आधारवरील क्यूआर कोड किंवा डिजिलॉकरमधील वाहन चालवण्याचा परवाना पडताळूनच निघावा. मोबाइलमधला कार्डाचा फोटो चालवू नये, त्यावरची जन्मतारीख बदलणे अगदी सोपे आहे. परमिट रूममध्ये तपासणी ऑर्डर घेण्याआधी, टेबलावरच्या प्रत्येकाची व्हावी. आज झालीच तर ती ऑर्डर देणाऱ्याची होते, आणि एकाच्या नावावर मागवलेली बाटली पाच ग्लासांत ओतली जाते.

अठराच्या आतील मुलाला दारू देणाऱ्यास बालन्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. अठरा ते एकवीसमधल्यांना विकणाऱ्याच्या बाबतीत निदान दुकानाची अनुज्ञप्ती (विक्रीचा परवाना) ठरावीक दिवस निलंबित होईल, असे स्पष्ट कोष्टक राज्य उत्पादन शुल्क विभागाने जाहीर करावे. आणखी एक : जुन्या आधार कार्डांवर फक्त जन्मवर्ष छापलेले आहे. त्यामुळे चालू वर्षात एकविशी पूर्ण होणाऱ्यांकडून दहावीचे प्रमाणपत्र किंवा पासपोर्ट मागण्याची सूचना विक्रेत्यांना लेखी द्यावी.

— एक वाचक, पुणे