खुर्च्या गोल, कारभार तोच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत सोसायटीतल्या 'संवादवर्तुळा'वरचा (म्हणजे गोलात बसून सर्वांनी पाळीपाळीने बोलायच्या बैठकीवरचा) लेख वाचला, छायाचित्रही पाहिलं. खुर्च्या गोलात आहेत, पण मध्ये टेबल, त्यावर पुष्पगुच्छ आणि माईक अध्यक्षांच्या हातात! मग पत्त्यांचा डावही संवादवर्तुळच म्हणायचा.

अध्यक्षांनी प्रत्येकाला लगेच उत्तर दिलं, याचं लेखात कौतुक आहे. नेमकं तिथेच बिघडतं. समजा पंधरा माणसं असली, तर ती एकेकदा बोलणार आणि अध्यक्ष पंधरा वेळा. शिवाय पुढचा माणूस मूळ प्रश्न सोडून त्या उत्तरालाच उत्तर देत बसतो. गोलात सूत्रधाराने इतरांसारख्याच खुर्चीवर बसायचं, आपली पाळी आली की बोलायचं, शक्यतो शेवटी. मुठीत मावेल अशी एखादी वस्तू एकाच दिशेने फिरवायची. ती ज्याच्या हातात, तोच बोलेल. बोलायचं नसेल तर वस्तू पुढे द्यावी, फेरी संपताना अशांना पुन्हा एकदा विचारावं. माईक ही ती वस्तू नव्हे. तो ज्याच्या हाती जातो, तो भाषणच ठोकतो.

टेबल हटवा, रिकाम्या खुर्च्या काढा. उशिरा आलेल्याला मागे न बसवता गोल सरकवून जागा द्या. पहिली फेरी साध्या प्रश्नाची, दुसरीत बोलण्याचे नियम सर्वांनी मिळून ठरवायचे, मग मूळ विषय. 'पार्किंगचं काय करायचं?' असं विचारलं की भांडण. 'तुम्हाला अडचण कधी येते?' असं विचारलं की माहिती मिळते. माणशी दोन मिनिटं धरली तर पंधरा जणांची एक फेरी अर्ध्या तासाची. लेखात चाळीस जण होते म्हणता, म्हणजे एकाच फेरीला ऐंशी मिनिटं. तीन गट करायला हवे होते. आणि निर्णय आधीच झाला असेल तर कृपया नोटीस लावा, गोल मांडू नका.

कॅनडातल्या युकॉनमध्ये १९९२ साली न्या. बॅरी स्टुअर्ट यांनी एका आरोपीची शिक्षा ठरवताना कोर्टाची नेहमीची मांडणी मोडली आणि स्वतःही गोलात बसले. न्यायाधीशाला जमलं, ते सोसायटीच्या अध्यक्षांना जड का जावं?

शेवटी म्हणे हात वर करून मतदान झालं. एवढं गोलात बसून बहुमतच मोजायचं होतं? गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात अभ्यासगट फक्त चर्चा करतो. निर्णय ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीने. कॅनडा लांब वाटत असेल तर लेखिकेने निदान धानोरा तालुक्यात जाऊन यावं.

जाता जाता : वाचकांच्या पत्रांची जागा हल्ली जाहिरातींनी गिळली आहे. हे पत्रही अर्धं कापून छापणार असाल, तर खुर्च्या-टेबलांचा मजकूर तेवढा ठेवा.

आपला,
एक नियमित (अजून तरी) वाचक, ठाणे