धाबं उतरवलं, सालदाराची खोली पाडली, मग जपलं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान तीनवर आमच्या गावच्या जुन्या शेतकरी घराची बातमी आणि मोठा रंगीत फोटो छापून आला आहे. बातमी दोनदा वाचली. रात्री झोप लागली नाही, म्हणून सकाळी पहिलं काम हे पत्र लिहिण्याचं करतो आहे.

चांगलं ते आधी सांगतो. इतिहास मंडळातली मुलं मेहनती आहेत. घराचे वारसदार बाहेरगावी असतात. त्यांनी घर मोडायला काढलं होतं, लाकडाचा व्यापारी येऊन सागवानी तुळयांवर खडूच्या खुणाही करून गेला होता. मंडळ मध्ये पडलं नसतं तर आज त्या जागी दुकानांचे गाळे दिसले असते. मी स्वतः या कामाला पाच हजार रुपये दिले आहेत, पावती माझ्याकडे आहे. तेव्हा हा माणूस चांगल्या कामात खोडा घालतो, असं कृपा करून कुणी म्हणू नये.

पण बातमीत ‘मूळ स्वरूपात जतन’ असे शब्द आहेत. ते खरे नाहीत. त्या घरावर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, राहिलेलं नाही. पाला आणि माती काढून टाकली, किलचनावर, म्हणजे तुळयांवरच्या लाकडी थरावर, प्लास्टिक अंथरलं आणि वर सिमेंटचा कोबा केला. भिंतींनाही आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा आहे. खाली सगळं जुनं दिसावं म्हणून गिलाव्याला मातीचा रंग दिला आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, त्या घरी सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहिलेले गडी, होते. १९५८ पासून १९८३ पर्यंत, पंचवीस सालं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जुनं साल संपायचं, हिशेब व्हायचा, आणि नव्या सालाचं पहिलं काम धाब्याचं असायचं. ‘आखाजी उनी, आते धाबं देखनं पडी,’ म्हणजे आखाजी आली, आता धाबं पाहावं लागेल, हे वाक्य मी लहानपणी दर उन्हाळ्यात ऐकलं आहे. नाल्याकाठच्या खारवट जागेतून बैलगाडीने खारी माती आणायची. निसणी लावून पाटी पाटी वर चढवायची. आधी वर उगवलेलं गवत खरवडायचं, भेगा उकरून भरायच्या, मग खारी पसरून पाणी शिंपडत चोपण्याने बडवायची. उतार पन्हाळीकडे राहील असा हात फिरवायचा. पहिल्या पावसात आबा रात्री उठून धाब्यावर जात आणि साण्यावर, म्हणजे उजेडासाठी धाब्यात ठेवलेल्या भोकावर, पाटी पालथी घालत. मग खाली येऊन कुठे गळतं ते अंधारात कानाने शोधत. हे काम एका वर्षी चुकलं की दुसऱ्या वर्षी दुप्पट होतं, आणि दोन वर्षं चुकलं की तुळई जाते. घर इतकी वर्षं उभं राहिलं ते या खारीवर. बातमीत तिचं नाव नाही.

सिमेंटला मी उगाच नावं ठेवत नाही. १९९४ मध्ये मी आमच्या दोन खणी घरावर हेच केलं. दरवर्षी खारी कोण टाकणार, म्हणून गवंड्याच्या सांगण्यावरून कोबा घातला आणि भिंतींना गिलावा केला. मातीच्या भिंतीला आतली ओल बाहेर सोडायला वाट लागते. ती बंद झाली. चौथ्या वर्षी तुळईचं भिंतीतलं टोक बोटाने दाबलं तर बोट आत गेलं. नुसता भुसा होता आणि त्यात वाळवी. आज मंडळाने जपलेल्या त्या जुन्या घराच्या उत्तरेच्या भिंतीला हातभर उंचीपर्यंत गिलावा फुगला आहे. बोटाच्या पेराने वाजवून पाहा, पोकळ आवाज येतो. हे मी मंडळाला पावसाळ्याआधीच सांगितलं होतं. ‘इंजिनिअरने मंजूर केलं आहे,’ असं उत्तर मिळालं.

पण खरं दुखणं धाब्याचंही नाही.

गोठ्याला लागून एक खोली होती. सहा फूट बाय आठ फूट असेल. दार इतकं ठेंगणं की आबा वाकून आत जात. कोनाड्यात रॉकेलची चिमणी, खुंटीवर घोंगडी, कोपऱ्यात काठी. बैलांच्या राखणीला आबा तिथेच निजत, आणि शाळेला सुटी असली की मीही. त्या खोलीच्या आतल्या भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या. आबांना लिहिता येत नव्हतं. ज्या दिवशी कामाला खाडा पडेल त्या दिवशी ते एक रेघ ओढत. आखाजीला जिभाऊ, म्हणजे घराचे मालक, स्वतः वाकून त्या खोलीत येत आणि रेघा बोटाने मोजून आपल्या चोपडीशी ताळा घेत. एका वर्षी चोपडीत दोन खाडे जास्त निघाले. जिभाऊंनी चोपडी दुरुस्त केली, भिंतीला हात लावू दिला नाही. मोठ्या मनाचा माणूस होता तो. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी बळद, म्हणजे धान्याची कोठी, उघडून आम्हाला दादर ज्वारी दिली होती. ती त्या सालाच्या हिशेबात धरली नाही, हेही मी विसरलेलो नाही.

हिशेब झाला की आबा शेणमातीने भिंत सारवत आणि नव्या सालाला कोरी करत. १९८३ ला त्यांनी काम सोडलं, तेव्हा सारवण राहून गेलं. पुढे खोलीत ढेप आणि कडबा भरायला लागले. त्यामुळे शेवटच्या सालाच्या रेघा तशाच राहिल्या. अकरा रेघा. त्यातल्या सात एकमेकींना लागून होत्या, कारण ते सात दिवस माझी माय दवाखान्यात होती. दोन वर्षांपूर्वी मंडळाने घर ताब्यात घेतलं तेव्हा मी बॅटरी घेऊन आत गेलो होतो आणि त्या मोजल्या होत्या. मंडळाच्या दोघांना हात धरून नेऊन दाखवल्याही होत्या.

त्या जागी आता पाहुण्यांसाठी स्वच्छतागृह आहे. स्वच्छतागृह लागतं, ते मला कळतं. बायाबापड्या, शाळेची मुलं येणार. पण मागच्या खळ्याची एवढी मोठी जागा रिकामी पडली आहे. नळ तिकडे न्यायचा म्हणजे खर्च वाढतो, असं मला सांगण्यात आलं.

मग मी विनंती केली की खोली गेली ती गेली, निदान दारातल्या फलकावर सालदारांची नावं लावा. फलकावर मालकांच्या पाच पिढ्या आहेत, ज्या सुताराने दार दुरुस्त केलं त्याच्या दुकानाचं नाव आहे, देणगीदार आहेत. आबांच्या आधीचे दोन आणि नंतरचा एक, अशा सालदारांची नावं मी कागदावर लिहून दिली. कार्यकारिणीत प्रश्न आला, ‘याला काही कागदोपत्री पुरावा आहे का?’

संपादक महोदय, पुरावा होता. तो भिंतीवर होता, आणि भिंत त्यांनीच पाडली.

मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात इतिहासाचार्य राजवाड्यांचं नाव घेतलं जातं. घ्यायलाच हवं. राजवाडे गावोगाव फिरले, लोकांच्या घरात कुजत पडलेली दप्तरं त्यांनी जमवली. १९२६ च्या ३१ डिसेंबरला ते धुळ्यात वारले आणि १९२७ मध्ये तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. खानदेशाला कागदाची किंमत त्यांनी शिकवली. पण ज्याच्या हाती लेखणीच नव्हती, त्याचा कागद कुठून आणायचा? आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या घरच्यांनी ऐकून उतरवून घेतल्या, म्हणून त्या आज आपल्याजवळ आहेत. आबांच्या वेळचं धाब्याचं काम केलेले, गोठ्यात निजलेले दोन-तीन म्हातारे गावात अजून आहेत. एकाला ऐकू कमी येतं, पण चोपणं हातात दिलं तर हात बरोबर चालतो. त्यांच्याकडे मंडळाचं कुणी अजून गेलेलं नाही. आत प्रदर्शनात मोट टांगली आहे, तिचं चामडं कोरडं पडून तडकलं आहे. मोट हाकलेला माणूस चार घरं सोडून ओट्यावर बसलेला असतो.

जाता जाता आपल्या बातमीदाराविषयी. बातमीत तीन ठिकाणी ‘ढाब्याचे घर’ असं छापलं आहे. ढाबा म्हणजे हायवेवर जेवायचं ठिकाण. आमचं ते धाबं, धनुष्यातला ध. खानदेशात छापल्या जाणाऱ्या पेपरात हा शब्द चुकावा, याचं फार वाईट वाटलं. दुरुस्ती छापावी. मागे आखाजीच्या सालावर मी पत्र पाठवलं होतं, तेही छापून आलं नाही.

माझं मागणं मोठं नाही. गोठ्यावरचे दोन खण अजून जुन्या धाब्याचे आहेत. तिथे कोबा दिवाळीनंतर घालायचं ठरलं आहे, असं कळतं. तेवढे दोन खण सोडा. पावसात त्यावर ताडपत्री टाकू, तिचे पैसे मी देतो. आखाजीनंतर खारी मी आणून देतो, ती नाल्याकाठची जागा मला ठाऊक आहे. त्या म्हाताऱ्यांना खुर्ची टाकून खाली बसवू, ते सांगतील तसं मंडळाच्या मुलांनी वर चढून करावं आणि कुणीतरी ते मोबाईलवर उतरवून घ्यावं. सालदारांच्या नावांचा कागद मंडळाच्या फायलीत आहे. आबांचं नाव मी या पत्रात मुद्दाम लिहीत नाही. ते पेपरात यावं अशी माझी इच्छा नाही, ते त्या दारात लागावं अशी आहे.

कळावे,
आपला जुना वाचक,
ता. अमळनेर, जि. जळगाव