अटलांटिक सिटीला जाण्याआधी

लास व्हेगस,
रविवार

प्रिय सुहास,

तुझं पत्र पोचलं. ब्लॅकजॅकची बेसिक स्ट्रॅटेजी (कुठल्या हाताला पान घ्यायचं, कुठे थांबायचं याचा तक्ता) तोंडपाठ झाली, एक कॅट २८ सेकंदांत मोजून होतो, आता टेबलावर कधी बसू, असं विचारलं आहेस. आणि शेवटी बारीक अक्षरात, ‘मेधाला अजून काही बोललो नाहीये’. खरी अडचण त्या शेवटच्या ओळीत आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

आपल्याकडे या सगळ्याला शब्द एकच, जुगार. तीन पत्तीवाला, मटक्याचे आकडे लावणारा आणि पत्ते मोजून खेळणारा, तिघंही जुगारीच. तू कितीही टक्केवारी समजावलीस तरी मेधाच्या कानावर हाच शब्द पडणार. त्यात तिची चूकही नाही, कारण बाहेरून तिघं सारखेच दिसतात. शनिवारी घराबाहेर, खिशात रोकड, आणि परत येताना बऱ्याचदा खिसा हलका. ‘बऱ्याचदा’ म्हणजे किती, ते बघ.

सहा कॅटचा बरा खेळ धर: डीलर सॉफ्ट सतरावर (एक्का अकरा धरून झालेल्या सतरावर) थांबतो, ब्लॅकजॅकला (एक्का आणि दहाचं पान आलं की) ३:२ मिळतात आणि साडेचार-पावणेपाच कॅट वाटून होईपर्यंत पिसत नाहीत. (६:५ देणाऱ्या टेबलाकडे बघूसुद्धा नकोस. तिथे १.४ टक्के आधीच गेलेले असतात, मग मोजून काय उपयोग!) तू १५ ते १८० डॉलर लावतोस आणि तासाला ७० हात होतात. एकही चूक न करता तुझी अपेक्षित कमाई ताशी २० डॉलरच्या आसपास, आणि ताशी चढउतार (स्टँडर्ड डेव्हिएशन) साधारण ४५०चा; तो तासांच्या वर्गमुळाने वाढतो. म्हणजे दहा तासांच्या फेरीत अपेक्षा २००ची आणि झुलणं १४००चं. अशा शंभर फेऱ्यांतल्या ४४ तोट्यात संपतात. वर्षभर दर शनिवारी गेलास, ५०० तास झाले, तर अपेक्षा दहा हजारांची आणि चढउतारही दहा हजारांचाच. याचा अर्थ, अगदी बरोबर खेळणाऱ्या सहा जणांतला एक वर्षअखेरीस तोट्यात असतो. ३५,००० हात खेळून! आणि वर न्यू जर्सीत एडिसनहून अटलांटिक सिटीला जाण्यायेण्याचं पेट्रोल, टोल, जेवण हे दर फेरीला पन्नास-साठ डॉलर वेगळेच.

आता हे आकडे माहीत नसलेल्या बायकोला सलग चौथ्या शनिवारी ‘हरलो, पण खेळलो बरोबर’ असं सांगून बघ. हेच वाक्य प्रत्येक जुगारी सांगतो. फरक दाखवणारी वस्तू एकच, वही. आणि ती पहिल्या फेरीपासून तिच्यासमोर उघडी हवी. दहा फेऱ्या झाल्यावर काढलेली वही म्हणजे कबुलीजबाब वाटतो.

वहीत काय लिहायचं? तारीख, जागा, टेबलाचे नियम, बसल्या-उठल्याची वेळ, किती घेऊन बसलास, किती घेऊन उठलास, प्रत्यक्ष खेळलेले तास. शेवटी दोन रकाने: त्या तासांची अपेक्षित कमाई आणि खरी कमाई. या दोन्हींच्या बेरजा एका आलेखावर काढ. अपेक्षेची रेघ सावकाश वर चढते, खरी रेघ तिच्याभोवती दारूड्यासारखी चालते. मेधाला काउंट (येऊन गेलेल्या पानांची डोक्यातली अधिक-उणे बेरीज) शिकवायची गरज नाही. या दोन रेघा वाचता आल्या की पुरे. टेबलावरून उठल्याबरोबर गाडीत बसून लिही, घरी पोचेपर्यंत तोटा आपोआप आकसतो.

दुसरं, पैसा. खेळाचं भांडवल वेगळ्या खात्यात, आणि त्याचा आकडा दोघांनी मिळून ठरवायचा. वरच्या पैजांना २०,००० डॉलर धर. कधीही पैज कमी न करता याच आकड्यांनी खेळत राहिलास तर सगळं बुडण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या आत राहते. तेच १०,०००वर खेळलास तर ती साडेतेरा-चौदा टक्क्यांवर जाते. भांडवल निम्मं झालं की पैजाही निम्म्या. घराचा हप्ता, मुलीच्या कॉलेजचे पैसे, आईच्या दवाखान्यासाठी ठेवलेले, यातला एक डॉलर इकडे येणार नाही, आणि बुडालं तर पुन्हा भरणार नाही, हे मेधासमोर बोल. मित्रांचे पैसेही घेऊ नकोस. दोघांनी एकाच भांडवलावर वेगवेगळ्या टेबलांवर खेळलं तर चढउतार लवकर आवरतो हे खरं, म्हणून तर १९७०च्या दशकात टीम निघाल्या. पण तिथे तास, चाचणी, खर्च, वाटणी सगळं आधी लेखी असतं, आणि तरीही मोठा तोटा झाला की पहिला प्रश्न येतो तो ‘याने खिशात तर नाही ना घातले?’ हाच. मैत्रीवर एवढं ओझं टाकायचं कशाला?

बाकीच्या जगाला काय सांगायचं? काही नाही. खोटंही बोलू नकोस, ‘पत्त्यांचा नाद आहे’ एवढं पुरे. मात्र तिथे ओळखीचं कोण भेटणार, असं समजू नकोस. बीएमएमचं (बृहन्महाराष्ट्र मंडळाचं) २०२२चं अधिवेशन अटलांटिक सिटीतच भरलं होतं, आणि आपल्या लोकांना तो रस्ता आधीपासून पाठ आहे. टेबलाशी मंडळातला कोणी येऊन खांद्यावर हात ठेवेल, ‘काय मग, जिंकतोय का?’ तेव्हा काउंट सोडून द्यावा, पैज किमान करावी, दोन वाक्यं बोलावीत. बोलता बोलता मोजत राहिलास तर काउंट दोनने चुकेल आणि तुला कळणारही नाही. चुकलेल्या काउंटवर लावलेली मोठी पैज म्हणजे निव्वळ जुगार.

आईचा प्रश्न वेगळा. तिला पत्त्यांचं नाव काढलंस की धर्मराज आठवेल. तू तिला नळाची आठवण कर. ऋतुपर्ण रथात बसल्याबसल्या बेहड्याच्या फांद्यांकडे बघून पानंफळं किती ते सांगतो, नळ खाली उतरून मोजतो आणि आकडा जुळतो, मग नळ त्याच्याकडून ती फाशांची विद्या घेतो. आई विरघळेल असं नाही. पण गोष्टीतलं मर्म आपल्या कामाचं आहे. रनिंग काउंट (पानागणिक चालू बेरीज) सगळ्यांना जमतो, चुकतो तो नजरेचा अंदाज. टाकलेल्या पानांच्या ट्रेकडे बघून किती कॅट गेले हे अर्ध्या कॅटपर्यंत सांगता आलं पाहिजे. घरी एक, दीड, दोन, अडीच असे ढीग करून ठेव आणि येताजाता नजर टाकून ओळख.

टेबलावरची माणसं हा एक स्वतंत्र ताप. एक डाव बघ. ट्रेमध्ये दोन कॅट जमलेत, चार शिल्लक, रनिंग काउंट अधिक १२. म्हणजे ट्रू काउंट (चालू बेरीज भागिले शिल्लक कॅट) तीन, आणि पारडं तुझ्याकडे साधारण एक टक्क्याने झुकलेलं. तू १२० लावलेत. तुझ्यासमोर दश्शी, चव्वी, दुर्री, असे तीन पानांत सोळा. डीलरचा राजा. बेसिक स्ट्रॅटेजी म्हणते पान घे, पण ट्रू शून्याच्या वर असताना थांबायचं, म्हणून तू थांबतोस. डीलर झाकलेलं पान उलटतो, पंजी. वर छक्की येते. एकवीस. शेजारचे गृहस्थ हात आपटतात, कारण गेल्या शूमध्ये (एकदा पिसून पेटीत भरलेल्या सहा कॅटमध्ये) काउंट खाली असताना याच सोळावर तू पान घेतलं होतंस. ‘ती छक्की तू घेतली असतीस तर आम्ही सगळे वाचलो असतो!’ पुढचं पान कोणाला माहीत नसतं, तुझ्या निर्णयाने शेजाऱ्याचं दीर्घकाळात काही बिघडत नाही. पण हे तिथे समजावायचं नाही. ‘सॉरी’ म्हणायचं, कोकचा घोट घ्यायचा. तुला खेळता येत नाही असं टेबलाला वाटणं तुझ्या सोयीचंच आहे. डीलरशी गोड राहा, पण तासाला पाच डॉलर टीप दिलीस तर वीसातला पाव हिस्सा गेला, हे ध्यानात ठेव.

कसिनोचं म्हणशील, तर डोक्यात मोजणं गुन्हा नाही. मोजायला फोन किंवा कुठलंही यंत्र वापरणं हा मात्र गुन्हा आहे, इथे नेवाडात आणि तुमच्याकडेही. इथे तुम्हाला कारण न देता उठवतात. पत्ते मोजणाऱ्या केन उस्टनच्या खटल्यात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली ठरवलं की निव्वळ पत्ते मोजतो म्हणून कसिनोला कोणाला बाहेर काढता येणार नाही. खूश होऊ नकोस. ते काढत नाहीत, पण तू पैज वाढवलीस की मध्येच पिसतात, किंवा तुझ्यापुरती कमाल पैज खाली आणतात. मग बसण्यात अर्थ उरत नाही. एका ठिकाणी पाऊण तास, पिसणं सुरू झालं की उठायचं. इकडे आलास आणि कोणी सुटातला माणूस म्हणाला, ‘ब्लॅकजॅक सोडून बाकी काहीही खेळा’, तर वाद नाही. चिप्स उचल, वटव, बाहेर पड. ‘परत येऊ नका’ असं स्पष्ट सांगितलं असेल तर परत जाणं हाच गुन्हा ठरतो. आणि एका मालकाच्या सगळ्या कसिनोंत तो निरोप पोचतो. त्या रात्री माणसाला चोर पकडल्यासारखं वाटतं. हेही मेधाला आधी सांगून ठेव, म्हणजे फोन केलास तर ती घाबरणार नाही.

एका दिवसात १०,००० डॉलरच्या वर रोख व्यवहार झाला की सरकारकडे नोंद जाते. जाऊ दे. ती टाळायला रक्कम तुकड्यांत फोडणं हा वेगळा गुन्हा आहे, पैसा कितीही स्वच्छ असला तरी. कराचं नीट समजून घे. २०२६पासून तोट्याच्या ९० टक्क्यांचीच वजावट मिळते. वर्षभरात जिंकलेली सत्रं ६०,०००ची आणि हरलेली ५०,०००ची असतील तर हातात १०,००० येतात, पण कर १५,०००वर. टॅक्सवाल्याला एप्रिलमध्ये नको, आत्ताच भेट.

सुट्टीत गोव्याला गेल्यावर मांडवीतल्या बोटींवर खेळू का, असंही विचारलंस. मजेसाठी जा. भारतात जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर आणि तोटा वजा करता येत नाही. शिवाय जीएसटी, आधी २८ आणि सप्टेंबर २०२५पासून ४० टक्के. एक टक्क्याच्या जोरावर जगणाऱ्याने तिथे काय मोजायचं?

एक गोष्ट स्वतःवर नजर ठेवायला. काउंट खाली गेला म्हणून उठलास आणि वाट बघताना सहज क्रॅप्सवर (फाशांच्या टेबलावर) दोन चिप्स टाकल्यास, किंवा ‘बरोबरी करूनच जातो’ म्हणून रात्री दोनपर्यंत बसलास, किंवा वहीत एखादी फेरी लिहायची टाळलीस, तर त्या महिन्यात जायचं नाही. दुसऱ्यांदा झालं तर १-८००-गॅम्बलर हा तुमच्या राज्याचा मदतीचा नंबर आहे, तिथे बोल. उत्तम मोजणारेही यातून गेलेत.

तर टेबलावर कधी बसायचं? थँक्सगिव्हिंगला दोघं इकडे या. सहा कॅट मिसळून ठेवतो. पाच शू, टीव्ही चालू, आम्ही मध्ये मध्ये प्रश्न विचारणार, आणि डीलर मेधा. तोवर तिच्याशी बोलून घे, नाहीतर ती पत्ते हातात का घेईल?

तुझा,
विन्या