तारांकित किंमत आणि बिलावरची किंमत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सणासुदीचे दिवस जवळ आले की आपल्या दैनिकाच्या पहिल्या पानाच्याही आधी एक अख्खे पान मोबाइलच्या जाहिरातीचे असते आणि त्यावर मोठ्या ठशात छापलेल्या किमतीच्या उजव्या खांद्यावर एक इवलीशी चांदणी असते. त्या चांदणीचा अर्थ पानाच्या तळाशी, भिंग घेतल्याशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत दिलेला असतो. एका बँकेच्या कर्ज विभागात ३१ वर्षे काढल्यामुळे बारीक अक्षरे आधी वाचण्याची खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही. यंदा पुतण्याला वरच्या श्रेणीतला फोन, ज्याला हल्ली सगळे ‘फ्लॅगशिप’ म्हणतात तो, घ्यायचा होता म्हणून त्याच्याबरोबर दुकानात गेलो आणि जाहिरातीतील आकड्याचे बिलावर काय होते ते जवळून पाहिले. त्याविषयी चार ओळी लिहाव्यात असे वाटले.

जाहिरातीत ५४,९९९ रुपये होते आणि दुकानातली किंमत ७१,९९९ रुपये होती. मधल्या १७,००० रुपयांपैकी ४,००० रुपये एका विशिष्ट बँकेच्या क्रेडिट कार्डाने एकरकमी पैसे भरणाऱ्यालाच मिळणार होते आणि उरलेले १३,००० म्हणजे जुन्या फोनच्या बदल्यात मिळणारी ‘कमाल’ रक्कम होती. पुतण्याचा तीन वर्षांचा फोन काउंटरवरच्या मुलाने हातात घेतला, ट्यूबलाइटखाली तिरका धरला, काचेवरच्या केसाएवढ्या चऱ्यावरून नख फिरवले आणि एका ॲपमध्ये तीन-चार प्रश्नांची उत्तरे भरून ६,२०० रुपये सांगितले. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण जाहिरातीत ‘१३,००० पर्यंत’ असेच छापलेले होते आणि ‘पर्यंत’ या शब्दात शून्यापासूनचे सगळे आकडे बसतात. तोच फोन पुढे आठवडाभरात, मूळ बिल आणि खोक्यासह, ओळखीतल्या एकाने ९,५०० रुपयांना आनंदाने घेतला. देण्यापूर्वी त्यातली सगळी खाती बंद करून माहिती पुसून टाकावी लागली, त्यात एक संध्याकाळ गेली, एवढेच काय ते कष्ट.

खरी मेख मात्र ‘नो कॉस्ट ईएमआय’, म्हणजे बिनखर्ची मासिक हप्ते, या प्रकारात आहे. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ रोजी काढलेल्या परिपत्रकात शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नसल्याचे बँकांना स्पष्ट शब्दांत बजावले होते. त्यानंतर बिनव्याजी हा शब्द मागे पडला आणि बिनखर्ची हा शब्द पुढे आला. यात घडते असे की बँक नेहमीप्रमाणे व्याज लावतेच, फक्त तेवढी रक्कम विक्रेता किंवा कंपनी किमतीतून आधीच वजा करते. सोयीसाठी फोनची किंमत ७२,००० रुपये धरली आणि १५ टक्के दराने १२ हप्ते केले तर कर्ज सुमारे ६६,४७६ रुपयांचे दाखवले जाते, त्यावर वर्षभरात सुमारे ५,५२४ रुपये व्याज होते आणि दरमहा बरोबर ६,००० रुपयांचा हप्ता बसतो. इथपर्यंत हिशेब चोख आहे. पण क्रेडिट कार्डावरील व्याजाला १८ टक्के जीएसटी लागतो, तो कोणी वजा करत नाही, म्हणजे ९९४ रुपये वरचे झाले. शिवाय १९९ रुपये प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा जीएसटी मिळून २३५ रुपये. बिनखर्ची म्हणून घेतलेल्या हप्त्यांचा खर्च असा १,२२९ रुपयांवर जातो, आणि एकरकमी भरणाऱ्याला मिळणारी ४,००० रुपयांची सूट हप्तेवाल्याला त्या दुकानात नव्हती, ती वेगळीच. उधारीचे पोते सव्वा हात रिते, असे आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत.

मग वाचवायचे कुठे? माझ्या मते योजनांच्या मागे धावण्यापेक्षा थोडे थांबण्यात आणि घेतलेला फोन जास्त वर्षे वापरण्यात खरी बचत आहे. आयफोन १५ सप्टेंबर २०२३ मध्ये आला तेव्हा भारतात त्याची सुरुवातीची किंमत ७९,९०० रुपये होती आणि वर्षाने आयफोन १६ त्याच ७९,९०० रुपयांना आल्यावर कंपनीनेच आयफोन १५ ची किंमत ६९,९०० केली. फोन तोच, खोके तेच, फक्त बारा महिन्यांचा धीर धरणाऱ्याचे १०,००० रुपये वाचले, तेही कोणतेही कार्ड न दाखवता. अँड्रॉइडच्या महाग फोनांची किंमत तर नवे मॉडेल येईपर्यंतही थांबत नाही, सणाच्या सवलतींत ती बऱ्याचदा आधीच उतरते.

जुन्या मॉडेलवर हल्ली पूर्वीइतका तोटाही होत नाही. पूर्वी दोन-तीन वर्षांत सॉफ्टवेअरची सुधारणा थांबत असे आणि हार्डवेअर धडधाकट असूनही फोन म्हातारा ठरत असे. गुगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ बरोबर आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस २४ बरोबर सात वर्षे सुधारणा देण्याचे जाहीर केले. असा फोन वर्षभर उशिराने घेतला तरी सहा वर्षे हातात राहतात. मध्येच बॅटरी थकेल, तेव्हा अधिकृत सेवा केंद्रातून ती बदलून घ्यावी. त्याचा खर्च नव्या फोनच्या मानाने किरकोळच असतो. समजा, ८०,००० रुपयांचा फोन दर दोन वर्षांनी बदलला आणि जुन्याचे ३०,००० आले, तर वर्षाला २५,००० रुपये पडतात, आणि ६०,००० रुपयांत घेतलेला फोन पाच वर्षे वापरून शेवटी फुकट दिला तरी वर्षाला १२,००० रुपयेच पडतात. हा हिशेब पुतण्याला कागदावर करून दाखवला तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

‘भाचा अमेरिकेत असतो, तोच येताना आणेल’ हा आपल्याकडचा आवडता मार्ग आहे, पण तिथे विकला जाणारा आयफोन १४ किंवा त्यानंतरचा आयफोन घेतला तर त्यात सिमकार्डाची खाच नसते, केवळ ई-सिमवर, म्हणजे फोनमध्येच बसवलेल्या सिमवर, भागवावे लागते, आणि तिथल्या जाहिरातीतल्या किमतीत तिथला विक्रीकर धरलेला नसतो. ‘बिल नको असेल तर दोन हजार कमी’ हा दुसरा मार्ग तर सरळ खड्ड्याचा, कारण वॉरंटी आणि तक्रार दोन्ही बिलावरच उभ्या असतात. खोके उघडल्यावर फोनचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख) क्रमांक खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळवावा आणि केवायएम ही इंग्रजी अक्षरे लिहून, जागा सोडून तो १५ अंकी क्रमांक १४४२२ वर एसएमएसने पाठवावा. दूरसंचार विभागाकडे त्याची काय नोंद आहे ते लगेच कळते. ज्यांचा जीएसटी क्रमांक आहे आणि फोन धंद्यासाठीच वापरायचा आहे, त्यांनी बिलावर तो क्रमांक घालून घेतला तर नियमित करदात्याला भरलेल्या कराची वजावट मिळू शकते. १ एप्रिल २०२० पासून मोबाइलवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे ८०,००० च्या फोनमध्ये सुमारे १२,२०० रुपये कराचेच असतात.

ऑनलाइन खरेदीत ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी घाई करणे, न मागितलेली विमा योजना आधीच टिक करून टोपलीत टाकणे, किंमत टप्प्याटप्प्याने वाढवत नेणे अशा १३ क्लृप्त्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केलेली आहे आणि त्याविरुद्ध १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. आमच्या बिलातही ‘स्क्रीन संरक्षण’ म्हणून १,४९९ रुपये न विचारता आले होते. बोट ठेवल्यावर ते मुकाट्याने निघाले, पण बोट ठेवले नसते तर राहिलेच असते.

शेवटी पुतण्याने गेल्या वर्षीचे मॉडेल ५६,००० रुपयांना एकरकमी घेतले. जुन्याचे ९,५०० आल्यामुळे त्याच्या खिशातून ४६,५०० गेले. नवे मॉडेल त्या योजनेप्रमाणे हप्त्यांवर घेतले असते तर जुना फोन देऊनही सुमारे ६७,००० रुपये गेले असते. वाचलेल्या पैशातून त्याने दीड हजाराचे कव्हर घेतले, त्यावर मी काही बोललो नाही.

आपल्याला विनंती एवढीच की जाहिरात स्वीकारताना बिलावर येणारी किंमत त्याच पानावर, निदान बातमीच्या ठशाएवढ्या अक्षरांत छापण्याची अट आपण घालावी. जाहिरातदार नाराज होतील हे मी समजू शकतो, पण अंक विकत घेणारे आम्हीही ग्राहकच आहोत.

आपला,
एक नियमित वाचक (निवृत्त बँक अधिकारी)
सांगली