आई, पाण्यात एकटी उतरणार नाहीये

आइंडहोवन, नेदरलँड्स,
१८ फेब्रुवारी

ति. आई आणि बाबा यांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी ‘बेटावर एकटी’ म्हटलं मात्र, आईने फोन बाबांकडे दिला, बाबांनी दादाकडे, आणि दादा म्हणाला रेंज जातीये. घरात वायफाय आहे. म्हणून लिहायलाच बसले. दादा, याची प्रिंट काढून आईला वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस आणि माझी नक्कल करत वाचू नकोस.

इथलं सगळं नेहमीसारखं. नोकरी, सायकल, पाऊस, डाळभात. तुम्हाला पाठ आहे. खोकला गेला. व्हिडिओवर मी वाळलेली दिसते तो खोलीतल्या दिव्याचा दोष आहे.

तर, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी बोनेरला जातेय, स्कूबा डायव्हिंगला, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन समुद्रात खोल उतरायला. तिकीट काढलंय, रजा मंजूर आहे. आधी विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता आणि मग मला तुमचं न ऐकता जावं लागलं असतं. त्यापेक्षा हे बरं.

बोनेर कॅरिबियन समुद्रात आहे, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून ऐंशीएक किलोमीटरवर. पण २०१० पासून ते नेदरलँड्सचाच भाग आहे, इथल्या गावांसारखी तिथेही नगरपालिका आहे, फक्त ‘विशेष’. ॲमस्टरडॅमहून दहा तास विमानात बसायचं आणि उतरायचं ते पुन्हा नेदरलँड्समध्येच. माझं इथलं रेसिडन्स परमिट चालतं, वेगळा व्हिसा नको. डॉलर मात्र अमेरिकेचा आणि बोली पापियामेंटू. बाबा, कॅरिबियन म्हटलं की तुम्ही चक्रीवादळ म्हणणार, म्हणून सांगून टाकते: वादळांचा नेहमीचा पट्टा बोनेरच्या उत्तरेला आहे, शिवाय त्यांचा मोसम जूनपासून पुढे असतो. कधीच काही होत नाही असं नाही. १९९९ साली लेनी नावाचं वादळ उलट्या दिशेने गेलं आणि त्याच्या लाटांनी किनाऱ्याजवळचे प्रवाळ मोडले. पण ते नोव्हेंबरात. मी मार्चमध्ये जातेय.

आता ‘एकटी’. विमानात एकटी, खोलीत एकटी, जेवायला एकटी, हे खरं. पाण्यात एकटी नाही. स्कूबाचा नियमच जोडीने उतरायचा आहे. जोडीदार नसेल तर डायव्ह सेंटरवाले लावून देतात; मी तर पहिले काही दिवस गाइडच घेतलाय. पाण्यात शिरण्याआधी एकमेकींचं सामान तपासायचं असतं. जॅकेटात हवा भरते का आणि सुटते का, कमरेची वजनं नीट आहेत का, कुठला हुक कुठे सुटतो. मग तोंडातल्या नळीतून श्वास घेत हवेच्या काट्याकडे बघायचं. काटा स्थिर हवा. श्वासाबरोबर हलला तर टाकीची चावी पूर्ण उघडलेली नाही. प्रत्येकीच्या टाकीला श्वासाची एक नळी जास्तीची असते, पिवळी, लांब. माझी हवा संपली तर मी खूण करायची, समोरचीची पिवळी नळी तोंडात धरायची आणि दोघींनी मिळून सावकाश वर यायचं. हे आमच्याकडून इतक्या वेळा करून घेतलंय की आता झोपेतही हात पिवळ्या नळीकडे जाईल. गावभागातून स्टेशनपर्यंत वडापच्या जीपमधून जाताना एवढी तपासणी कोणी करतं का, सांगा.

आणि पोहता कुठे येतं तुला, असं आत्या म्हणाली म्हणे. येतं. इथे येऊन शिकले. सांगलीत कृष्णेच्या काठी जन्म काढला, पण पाठीला डबा बांधून दादाला घाटावर न्यायचं आणि मला घाटाच्या पायरीवर कपडे सांभाळायला बसवायचं, ही आपल्या घराची रीत. बाबा, तुम्ही तर पुराच्या पाण्यात आयर्विन पुलावरून उड्या टाकल्यात, ते आजही लग्नकार्यात सांगता. मी टाकीत हवा घेऊन, विमा उतरवून, माणूस बरोबर घेऊन उतरतेय तर रात्रीची झोप उडाली म्हणता!

इथे पोहायला कसं शिकवतात ते मात्र सांगायलाच हवं, कारण मला अजूनही ते पूर्ण पचलेलं नाही. इथे कपडे घालून पोहायला शिकवतात. पोहायचे कपडे नव्हेत, रोजचे. टी-शर्ट, लांब पँट, पायात बूट. लहान मुलांना तीन परीक्षा असतात, ए, बी आणि सी, आणि तिन्हींत काही भाग कपड्यांत करावा लागतो. सी-ला तर अंगात जॅकेटही. माझ्या शेजारणीचा मुलगा ए पास झाला तेव्हा मला बोलावलं होतं. मला वाटलं वाढदिवस आहे. जाऊन बघते तर तलावाच्या काठी बाकांवर आजी-आजोबा, काका-काकू, हातात मोबाइल, आणि समोर सहा-सात वर्षांची पोरं बूट घालून रांगेत उभी. शिट्टी वाजली की एकेक पोरगं पँट-बुटासकट धपकन पाण्यात. वर येऊन हातपाय मारत जागच्या जागी तरंगायचं, मग पोहायचं. पुढे तलावात एक ताडपत्री उभी सोडलेली असते, तिला मोठं भोक. बुडी मारून पाण्याखालून त्या भोकातून पलीकडे निघायचं. पोरगं निघालं की आजी टाळ्या वाजवते. मग सर्टिफिकेट, फोटो, केक.

आई, तू म्हणशील कपडे घालून कशाला? तेच मी विचारलं. तर म्हणे, मूल कालव्यात पडेल तेव्हा पोहायचे कपडे घालून पडणार आहे का? इथे घराच्या दाराशी कालवा, शाळेच्या मागे कालवा, सायकलचा रस्ता कालव्याच्या कडेने, आणि कठडा बहुतेक ठिकाणी नाहीच. ओली पँट पायांना कशी ओढते, बुटात पाणी भरलं की लाथ कशी जड होते, हे आधी माहीत असलं की पोर घाबरत नाही. ताडपत्रीचं भोक कशाला, तर हिवाळ्यात कालवा गोठतो, बर्फ फुटून आत गेलं तर पाण्याखाली डोळे उघडे ठेवून भोक शोधता यायला हवं. ऐकायला भयंकर, पण सांगणारी बाई हसत हसत सांगत होती, केक कापता कापता. आणि कपडे धुतलेले, स्वच्छच लागतात, बूटसुद्धा. रस्त्यावर घातलेले चालत नाहीत, एवढं सोवळं आहेच. मोठ्यांच्या वर्गात मलाही हे सगळं करावं लागलं. तू दिवाळीला पाठवलेली निळी लेगिंग आणि जुना कुर्ता घालून मी पाण्यात उडी मारली. कुर्ता वर येऊन तोंडावर बसला. मास्तरीण काठावरून लांब काठी घेऊन चालत होती, तिने काठी पुढे केली नाही, नुसतं म्हणाली, हाताने बाजूला कर आणि पोहत राहा. केलं. तो कुर्ता आता त्याच कामाला ठेवलाय, वहिनीला सांगू नका, तिने शिवला होता.

त्यानंतर स्कूबाचा कोर्स ॲमस्टरडॅमजवळच्या विंकेवेनच्या तळ्यात केला. पाणी हिरवं, गार, हात लांब केला की बोटं अंधूक. तिथे शिकवताना तळाशी गुडघ्यावर बसवतात आणि चष्मा काढायला लावतात. काढायचा, पुन्हा घालायचा, वरची कड कपाळाला दाबून नाकाने फुंकर मारायची, की आतलं पाणी खालून निघून जातं. काढलेला असतो तेवढा वेळ काही दिसत नाही, नाकाला गार पाणी लागतं आणि तोंडाने श्वास चालूच ठेवायचा असतो. मला ते जमलं. आणि काच धूसर होऊ नये म्हणून आधी तीत थुंकायचं असतं, हेही खरं आहे. आई, नाक मुरडू नकोस.

माझ्या स्कूबाच्या कार्डावर १८ मीटरपर्यंत जायची परवानगी आहे. म्हणजे साठएक फूट. मला माहितीये, आकडा ऐकून तुम्हाला २०१९ चा पूर आठवणार, आयर्विनला सत्तावन्न फूट, आणि घरातली कपाटं. ब्रह्मनाळची नाव उलटली तेव्हापासून आई नदीच्या रस्त्याने जायचं टाळते, तेही मला माहितीये. पण ते पाणी वाहतं, गढूळ, अंगावर आलेलं होतं. हे उबदार आणि नितळ आहे, सव्वीस-सत्तावीस अंश, आणि आपण बेताबेताने उतरतो. आंबा घाट उतरताना कान बंद होतात, तसे इथेही होतात. नाक धरून हलकी फुंकर मारली की उघडतात. नाही उघडले तर थोडं वर यायचं. वर येताना घाई करायची नाही, शेवटी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, कारण खोल पाण्यात अंगात नायट्रोजन मुरतो, तो हळूहळू निघायला हवा. म्हणूनच शेवटच्या डायव्हनंतर निदान अठरा तास विमानात बसायचं नाही. शेवटचा दिवस मी कोरडाच ठेवलाय: मिठागरं, फ्लेमिंगो, आणि गाढवं. तिथे गाढवं मोकळी हिंडतात. त्यातूनही काही झालंच तर बेटावरच्या हॉस्पिटलात प्रेशर चेंबर, म्हणजे हवेचा दाब वाढवून उपचार करायची खोली, आहे. विम्याची कॉपी दादाला मेल केलीये. शार्क, बाबा, तिथे क्वचित दिसतो, आणि दिसलाच तर लोक एकमेकांना पेढे वाटतील.

पुढच्या वर्षी लग्न झाल्यावर दोघं मिळून जा, असं आई म्हणाली. आई, तिथले प्रवाळ आजारी आहेत. २०२३ मध्ये बोनेरला एक रोग शिरला, दगडी प्रवाळांचं जिवंत कातडं उतरवतो, पांढरा सांगाडा उरतो. मेंदूसारखे दिसणारे मोठाले प्रवाळ त्यात आधी जातात. ते तेवढे वाढायला शेकडो वर्षं लागतात. १९७९ पासून त्या बेटाभोवतीचा सगळा समुद्र राखीव आहे, हात लावायचा मोहच नको म्हणून हातमोजेसुद्धा घालू देत नाहीत, तरी रोग आलाच. आता सामान औषधाच्या पाण्यात बुडवून मगच दुसरीकडे उतरायचं. रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड आहेत, प्रत्येकावर जागेचं नाव. दगड दिसला की गाडी थांबवायची, टाकी पाठीला लावायची आणि किनाऱ्यावरून सरळ चालत पाण्यात. एका जागेचं नाव हजार पायऱ्या. पायऱ्या सत्तरच्या आसपासच आहेत, पण टाकी घेऊन परत चढताना हजार होतात म्हणे. जोतिबाच्या डोंगरावर सवय झालीये, बघू.

आता पैसे. विश्रामबागच्या फ्लॅटचा हप्ता पाच तारखेला जाईलच. मार्च आणि एप्रिलचे एकदमच टाकतेय. या ट्रिपचा आकडा दादाला सांगितलाय. आई, तू विचारशील आणि तो अर्धा सांगेल, तेवढाच धर. या पैशात घरी येऊन परत जाता आलं असतं, हे तू म्हणायच्या आत मीच म्हणते. मेमध्ये आत्याकडच्या लग्नाला मला येता येणार नाही, रजा उरलेली नाही. आत्याला मी स्वतः फोन करेन. आहेराचं पाकीट दादाने माझ्या नावाने वेगळं द्यावं, एकत्र नको. गणपतीला येते. नक्की येते, गेल्या वर्षीसारखं नाही.

पुण्याच्या स्थळाचं बघितलं. फोटो बरा आहे, नोकरी बरी आहे, पत्रिकेचं तुम्ही बघा. एप्रिलमध्ये बोलेन, आधी नाही. मुलीला पोहण्याची आवड आहे एवढंच आत्याने त्यांना सांगितलंय असं वहिनी म्हणाली. त्यांना सगळं सांगा, बेट, एकटी, टाकी, सगळं. मग ज्यांना बोलायचं ते बोलतील.

आईच्या मोतीबिंदूची तारीख एप्रिलात घ्या म्हटलं होतं, डॉक्टरांनी २६ मार्चच दिली. आता ती बदलू नका. दादा रजा घेणार आहे, वहिनी आहे, वीस मिनिटांचं काम आहे असं सगळेच म्हणतात. मी असते तरी बाहेर बाकावर बसण्यापलीकडे काय केलं असतं? तरी दादा, आत नेताना आणि बाहेर आणल्यावर, दोन्ही वेळा मेसेज कर. बोनेर आपल्या साडेनऊ तास मागे आहे, तुमची सकाळ म्हणजे माझी रात्र. फोन उशाशीच असेल. दुसऱ्या दिवशीची सकाळची डायव्ह मी ठेवलेली नाही.

आजीला नमस्कार सांगा. तिला बेटाचं सांगितलं नसेल तर ऑफिसचं काम आहे म्हणा.

तुमची,
चिमी

ता. क. बाबा, डोळ्यांत थेंब घालायच्या आधी साबणाने हात धुवायचे. हे तुम्हाला आहे, आईला नाही. आणि तिला महिनाभर फोडणीच्या धुरात उभी राहू देऊ नका. वहिनी घरी नसेल त्या दिवशी डबा सांगा, पैसे मी पाठवते.