बसून कातायचं तर

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. व्हीलचेअर वापरणारी एक मुलगी आणि ज्यांना जवळजवळ काहीच दिसत नाही असे एक गृहस्थ तुझ्याकडे कातकाम, म्हणजे लेथ या मशीनवर लाकूड फिरवून त्याला हत्याराने आकार देणं, शिकायला येणार, म्हणून 'अपंगांसाठी चांगला लेथ कोणता' असं विचारलंयस. अरे, असा एक लेथ नसतो. ज्याला गुडघ्यांसाठी जागा हवी त्याची अडचण वेगळी, ज्याचा एकच हात चालतो त्याची वेगळी, आणि त्या गृहस्थांना तर तुझ्याकडचा आहे तो लेथ बहुधा तसाच चालेल. तेव्हा पैसे खिशात ठेव आणि आधी माणसं बघ.

मी आयुष्यभर स्टुलावर बसून कातत आलोय, म्हणून जरा अधिकाराने लिहितोय. लाकूड कातायला पाय धड हवेत हा समज पायाने चालवायच्या लेथच्या काळातला आहे. लवचिक काठीला दोरी बांधून खालची फळी पायाने दाबायची, म्हणजे एका पायावर उभं राहायचं आणि दुसऱ्याने दिवसभर दाबत राहायचं. तिथे माझ्यासारख्याचं काम नव्हतंच. पण त्याच्याही आधीचं चित्र बघ. इजिप्तमध्ये पेटोसिरिसच्या थडग्यात लेथचं बहुधा सर्वांत जुनं चित्र आहे, इ.स.पू. ३०० च्या आसपासचं. त्यात दोन माणसं आहेत. एकजण दोरी ओढून लाकूड फिरवतोय, दुसरा हत्यार धरून बसलाय. फिरवण्याचं काम एकाचं, कातण्याचं दुसऱ्याचं. पुढे विजेची मोटर आली आणि तो दोरीवाला गडी पुन्हा मिळाला म्हणायचा. पाय मोकळे झाले. मशीनची उंची मात्र उभ्या माणसाच्या मापाचीच राहिली, ती का राहिली हे कुणी विचारलंच नाही.

आता मापाचं सांगतो, कारण सगळं अडतं ते इथेच. लेथचा मध्य, म्हणजे लाकूड ज्या रेषेभोवती फिरतं ती रेषा, कातणाऱ्याच्या कोपराच्या उंचीला हवी. उभ्या माणसाला ती साधारण १०० ते ११० सेंटिमीटरवर येते. व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाचं कोपर जमिनीपासून ७० सेंटिमीटरच्या आसपास असतं. तू म्हणशील, मग टेबल कापून खाली आणू. आण, पण गुडघे कुठे जाणार? खुर्ची आत सरकायची तर बेडच्या, म्हणजे मशीनच्या आडव्या पाटाच्या, खाली जवळपास ७० सेंटिमीटर मोकळी जागा लागते. त्यावर बेडची जाडी धर १० सेंटिमीटर, आणि छोट्यातला छोटा लेथ घेतलास तरी बेडपासून मध्यापर्यंत आणखी १२-१३. झाले ९२-९३. म्हणजे कोपर हवेत, खांदे कानाशी, आणि थोड्याच वेळात मान धरते. गुडघ्यांना जागा द्यावी तर मध्य वर जातो, मध्य खाली आणावा तर गुडघे अडतात. टेबलाचे पाय कापून हा गुंता सुटत नाही.

सुटतो तो दोन तऱ्हांनी. पहिली म्हणजे मशीनच कातणाऱ्याच्या दिशेने कलवायचं, म्हणजे बेड मांडीवर न येता पलीकडे राहतो आणि लाकूड पुढे येतं. अमेरिकेतल्या रोबस्ट कंपनीचा 'इंडिपेंडन्स' नावाचा लेथ खास बसून काम करणाऱ्यांसाठी याच धर्तीवर केलेला आहे. दुसरी तऱ्हा मला जास्त आवडते, कारण ती साध्या मशीनवरही जमते. ज्या लेथचा हेडस्टॉक, म्हणजे लाकूड फिरवणारं डावीकडचं डोकं, सरकतो, तो सरकवून बेडच्या टोकाला आणायचा. मग वाडगा कातताना समोर बेडच नसतो, खुर्ची थेट लाकडासमोर लागते. लांब काम, म्हणजे दांडे, मुठी, मेणबत्तीचे स्टँड वगैरे मात्र यावर होत नाही, त्याला लाकडाचं दुसरं टोक धरणारा टेलस्टॉक लागतोच. तेव्हा त्या मुलीला आधी विचार की तिला करायचंय काय. मशीन त्यावर ठरेल.

खुर्चीचंही नीट बघ. हत्यार लाकडाला टेकलं की लाकूड हत्याराला दाबतं, हत्यार माणसाला, आणि माणूस खुर्चीला. ब्रेक लावलेला असला तरी गुळगुळीत फरशीवर खुर्ची बोटभर मागे जाते. त्या बोटभराने हत्याराची धार लाकडावरून सुटते आणि परत लागते ती चुकीच्या जागी, की बसलाच झटका! चाकांमागे लाकडी पाचरी ठोक, खाली रबरी मॅट टाक. हाताचे टेके निघत असतील तर काढायला सांग, लांब मुठीचं गाऊज, म्हणजे पन्हाळीसारख्या पात्याचं कातायचं हत्यार, नेमकं त्यावर आपटतं.

आणखी एक फरक आहे, तो उभ्याने कातणाऱ्याच्या लक्षात येत नाही. उभा माणूस वाडग्याचा बाक हाताने घेत नाही, कमरेने घेतो. वजन एका पायावरून दुसऱ्यावर जातं आणि धार आपोआप वळते. बसलेल्याला ते सगळं खांद्यातून आणि मनगटातून काढावं लागतं, म्हणून तो दमतो लवकर. त्याला 'सरावाने जमेल' म्हणत बसू नकोस. कार्बाइडची बदलायची पाती असलेली हत्यारं दे. ती टूल रेस्टवर, म्हणजे हत्यार टेकवायच्या आडव्या दांडीवर, आडवी धरून सरळ पुढे सरकवायची असतात, मूठ फिरवत बसावी लागत नाही. जुने कातारी त्यांना नाकं मुरडतात आणि पृष्ठभाग गाऊजइतका स्वच्छ येत नाही हेही खरंच, पण तेवढं पॉलिश पेपरने भागतं. आणि गाऊज वापरायचंच असेल तर धार आणखी वरचेवर लाव. बोथट हत्याराला जोर लागतो, आणि जोर हीच तर बसलेल्याची तोकडी बाजू.

एका हाताने काम करणाऱ्यांचं थोडक्यात लिहितो, कारण सध्या तुझ्याकडे तसं कुणी नाही. हत्याराची मूठ पट्ट्याने कोपराखालच्या हाताला बांधता येते, आणि टूल रेस्टवर एक खुंटी असली की हत्यार बाजूला घसरत नाही. खोलगट भांडी आतून कोरायला सांधे असलेला जो आर्म मिळतो, तो हत्याराचा सगळा पीळ स्वतःवर घेतो. कातणाऱ्याने फक्त दिशा द्यायची. लाकूड पकडणारा चक एकाच किल्लीने आवळता येईल असा घे, आणि आवळेपर्यंत लाकूड टेलस्टॉकच्या टोकाने दाबून धर. दुसऱ्या हाताचं काम तो करतो.

त्या गृहस्थांची तुला जास्त धास्ती वाटतेय असं पत्रावरून दिसतं. मला उलट त्यांची कमी वाटते. ब्रिटनमधला ख्रिस फिशर हा कातारी पूर्ण अंध आहे. त्याची दृष्टी २००८ मध्ये गेली, आणि कातकाम तो त्यानंतर शिकला. डोळे मिटून एकदा तूच गाऊज चालवून बघ, मग कळेल की आपण बघतो कमी आणि ऐकतो जास्त. हत्याराची पाठ लाकडाला टेकलेली असली की सळसळ येते, सुटली की खरखर. वाडग्याची भिंत पातळ होत गेली की आवाज बदलत जातो. बाकी मापं मशीन बंद करून बोटांनी घ्यायची, किंवा पुठ्ठ्याचा कापलेला आकार लावून. तू करायचंस ते एवढंच: हत्यारं रोज त्याच क्रमाने त्याच जागी, प्रत्येकाच्या मुठीवर वेगळ्या खाचा, वेगाच्या बटणावर हाताला लागेल अशी खूण. आणि ती जागा कुणी परस्पर हलवायची नाही, तू सुद्धा! कमी ऐकू येणारा कुणी आला तर नेमकं उलटं. त्याला हा आवाज मिळत नाही, तो मुठीतली थरथर वाचतो. त्याच्या पाठीवर मागून थाप मारू नये, समोरचा दिवा उघडझाप करून बोलवावं.

राहिली सुरक्षितता. इथे मला जरा रागाने लिहू दे. एका वर्गात मला 'तुमच्याच भल्यासाठी' म्हणून हत्यार दिलंच नव्हतं, फिरत्या लाकडावर पॉलिश पेपर धरायला बसवलं होतं. बोटं फिरत्या लाकडाच्या सगळ्यात जवळ जातात ती नेमकी तेव्हाच! काळजीच्या नावाखाली माणसाला बाजूला बसवणं सोपं असतं, खरा धोका कुठे आहे ते शोधणं जिकिरीचं. तर तो इथे आहे. वीस सेंटिमीटरचा वाडगा मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरतो तेव्हा त्याचा काठ ताशी ३८ किलोमीटरच्या आसपास धावत असतो. लाकूड फुटलं की तुकडा त्या काठाच्या रेषेतच सुटतो. उभा माणूस मशीन चालू करताना एक पाऊल बाजूला होतो. बसलेल्याला ऐनवेळी ते जमणार नाही, म्हणून खुर्ची आधीच त्या रेषेबाहेर लावायची, सर्वांत कमी वेगावर सुरू करायचं, लाकूड गोल झालं की मग पुढे यायचं. वेगाचा ठोकताळा तुला माहीत आहेच, इंचातला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे हे ६००० ते ९००० मध्ये राहावं. नवख्या माणसाला ६००० च्या जवळच ठेव. तोंडावर पूर्ण शील्ड सगळ्यांना, ज्यांना दिसत नाही त्यांनाही.

बंद करायचं बटण बहुतेक मशीनांवर डावीकडे हेडस्टॉकवर असतं, म्हणजे फिरत्या लाकडावरून हात न्यावा लागतो. लोहचुंबकाने कुठेही चिकटणारी वेगळी डबी घेऊन ती हाताशी लाव, किंवा कोपराने दाबेल अशी पट्टी. वीज जाऊन आली तर मशीन आपोआप सुरू होणार नाही असाच स्विच हवा. आणि लोंबणारं काहीही नको. बाह्या आणि केस आपण बघतोच, पण श्रवणयंत्राची दोरी, लघवीच्या पिशवीची नळी, कृत्रिम हाताचा सुटा पट्टा हे बघायला आपण लाजतो. लाजू नकोस, सरळ विचार. ज्याला अधूनमधून फिट येते त्याला मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय मीही मशीनवर बसवणार नाही. आणि मग बसवलं तरी दाबून धरलं तरच चालेल अशा पेडलवर.

दाराशी उतार बांधायला घेतलायस हे वाचलं. चांगलंच आहे, पण आत गेल्यावर भुसा आणि ढलप्या पसरलेल्या असतील तर चाकं तिथेच रुततील. झाडू मारायचं वेळापत्रक आधी लाव.

तर आता एवढं कर. त्या मुलीला तिच्या खुर्चीत बसवून कोपर जमिनीपासून किती आणि गुडघ्याचा वरचा भाग किती, ही दोन मापं घे. टेके निघतात का बघ. तुझ्या मोठ्या लेथचा हेडस्टॉक सरकतो की नाही, त्याचा बोल्ट गंजला असेल तर तेल सोडून हलवून बघ, आणि मापांबरोबर तेही कळव. ते गृहस्थ मात्र मापांसाठी थांबायला नकोत, त्यांना उद्यापासूनच येऊ दे.

तुझा,
वसंत